दीर्घिकांतून बाहेर सुटणारे वारे

सप्तर्षीच्या दिशेला, पृथ्वीपासून सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षांवर एम-८२ नावाची दीर्घिका आहे. आपल्याला ती जवळजवळ कडेवरून दिसते, म्हणून छोट्या दुर्बिणीत तिची नुसती एक अस्पष्ट, लांबट पट्टी दिसते. हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशात तिचे छायाचित्र घेतले की मात्र वेगळेच काही समोर येते. पट्टीच्या मधोमध, पट्टीशी काटकोन करून, वर आणि खाली तंतूंचे झुपके फुटलेले असतात आणि ते हजारो प्रकाशवर्षे लांब पसरलेले असतात. १९६३ मध्ये रॉजर लिंड्स आणि अ‍ॅलन सँडेज यांनी या तंतूंचे वेग मोजले आणि दीर्घिकेच्या केंद्रात एक प्रचंड स्फोट झाला असावा असे मांडले. स्फोट झाले हे खरेच निघाले, फक्त तो एक नव्हता. तिथे लाखो वर्षे ताऱ्यांच्या स्फोटांची संततधार लागली आहे आणि त्यांच्या जोरावर दीर्घिकेतला वायू बाहेर वाहतो आहे. या वाहण्यालाच दीर्घिकीय वारा म्हणतात.

वारा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दाट हवा येते. इथे ती कल्पना बाजूला ठेवावी लागते. समुद्रसपाटीवरच्या हवेच्या एका घन सेंटीमीटरमध्ये सुमारे २५ अब्ज गुणिले एक अब्ज इतके रेणू असतात. दीर्घिकेच्या वाऱ्यातल्या तप्त भागात तेवढ्याच जागेत सरासरी एक अणूसुद्धा नसतो. तरीही हा वारा दीर्घिकेचे नशीब बदलतो, कारण तो हजारो प्रकाशवर्षे रुंद असतो, सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने धावतो आणि कोट्यवधी वर्षे थांबत नाही.

तारे मात्र या वाऱ्याने उडून जात नाहीत. ताऱ्याच्या वस्तुमानाच्या मानाने त्याचा आकार इतका लहान असतो की वारा त्याच्या बाजूने निघून जातो आणि ताऱ्याला जाणवेल असा रेटा बसत नाही. बाहेर जातो तो ताऱ्यांच्या मधल्या जागेतला वायू, म्हणजे ज्यातून पुढचे तारे जन्मणार असतात तो कच्चा माल.

इंधन कुठून येते

सूर्याच्या आठपटींहून जड तारा आयुष्याच्या शेवटी फुटतो. त्या स्फोटातली ९९ टक्के ऊर्जा न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण घेऊन जातात आणि ते आजूबाजूच्या वायूला जवळपास शिवतही नाहीत. उरलेल्या टक्क्याभरात बाहेर फेकलेल्या द्रव्याची गतिज ऊर्जा येते. ती सुमारे १ वर ४४ शून्ये इतके ज्यूल भरते. ताऱ्यांची नवी पिढी जन्मते तेव्हा दर १०० सूर्यांइतक्या वस्तुमानामागे साधारण एक तारा असा फुटणारा निघतो.

एम-८२ चा हिशेब करून पाहू. तिच्या गाभ्यात वर्षाला सुमारे १० सूर्यांइतके तारे तयार होतात. म्हणजे दर दहा वर्षांनी एक स्फोट. दहा वर्षांचे सेकंद होतात ३१.५ कोटी. त्यांनी भाग दिला की सरासरी शक्ती येते ३ वर ३५ शून्ये वॅट, म्हणजे सुमारे ८० कोटी सूर्यांच्या प्रकाशाएवढी, आणि हे सगळे दोन-तीन हजार प्रकाशवर्षांच्या जागेत. फुटण्याआधी हेच जड तारे स्वतःच्या पृष्ठभागावरून जोरदार वारे सोडतात, त्यांचा प्रकाश धुळीला ढकलतो, आणि स्फोटांच्या ऊर्जेतला साधारण दहावा हिस्सा वैश्विक किरणांना, म्हणजे प्रकाशाच्या वेगाजवळ धावणाऱ्या कणांना, मिळून तेही वायूवर दाब टाकतात. तरी मुख्य इंधन स्फोटांचेच.

म्हणजे ऊर्जा मुबलक आहे. अडचण आहे ती टिकवण्याची, आणि या विषयातल्या बहुतेक सगळ्या गाठी तिथेच येऊन बसतात.

एकटा स्फोट वाया जातो

तापलेला वायू प्रकाश सोडून थंड होतो आणि निवण्याचा हा दर घनतेच्या वर्गाने वाढतो. वायू दुप्पट दाट केला तर प्रत्येक घन सेंटीमीटर चौपट वेगाने ऊर्जा गमावतो. दर घन सेंटीमीटरला एक अणू अशा सर्वसाधारण वायूत एक तारा फुटला, तर त्याचा बुडबुडा साधारण ४० हजार वर्षे फुगतो, ७० प्रकाशवर्षांच्या आसपास त्रिज्या गाठतो आणि मग त्याचे कवच निवू लागते. बहुतेक ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने निघून जाते. तोच तारा शंभरपट दाट ढगात फुटला तर सगळा खेळ तीन-चार हजार वर्षांत, दहा-बारा प्रकाशवर्षांत आटोपतो. दीर्घिकेच्या तबकडीतल्या थंड वायूचा थर मध्यापासून वर तीन-चारशे प्रकाशवर्षे जाड असतो. एकट्यादुकट्या स्फोटाला तो थर फोडणे जमत नाही.

पण तारे एकटे जन्मत नाहीत. एक लाख सूर्यांच्या वस्तुमानाचा तारकागुच्छ घ्या. त्यात साधारण हजार तारे फुटणारे असतात. सगळ्यात जड तारा जन्मानंतर ३० लाख वर्षांनी फुटतो, सगळ्यात हलका ४ कोटी वर्षांच्या सुमारास. मधल्या पावणेचार कोटी वर्षांत हजार स्फोट, म्हणजे सरासरी दर ३७ हजार वर्षांनी एक. आता मघाचा आकडा आठवा: एकट्या स्फोटाचा बुडबुडा ४० हजार वर्षांत निवतो. म्हणजे पहिला निवायच्या बेताला येतो तोच दुसरा फुटतो, आणि तो दाट ढगात नव्हे तर पहिल्याने आधीच रिकाम्या केलेल्या जागेत फुटतो. तिथे घनता इतकी कमी असते की निवण्याचा दर नगण्य ठरतो. हे बुडबुडे एकमेकांत मिसळून एकच महाबुडबुडा तयार होतो आणि तो फुगत राहतो.

यावरून एक गोष्ट कळते. वर्षाला किती तारे बनतात यापेक्षा ते किती दाटीवाटीने बनतात याला जास्त महत्त्व आहे. निरीक्षणांतून पुढे आलेला ठोकताळा असा: दर चौरस किलोपार्सेकला, म्हणजे साधारण ३,२६० प्रकाशवर्षे लांब आणि तेवढ्याच रुंद तुकड्यात, वर्षाला ०.१ सूर्यापेक्षा जास्त तारे बनत असतील तर तिथे वारा बहुधा सापडतोच. आपल्या आकाशगंगेच्या तबकडीत, सूर्याच्या परिसरात, हा दर त्याहून कितीतरी कमी आहे. इथे बुडबुडे उठतात, थोडा वायू वर उसळतो आणि कारंज्यासारखा परत खाली पडतो. बेफाम वारा सुटत नाही.

थर फुटतो तेव्हा

महाबुडबुड्याला कमी विरोधाची वाट हवी असते. तबकडीच्या पातळीत दाट वायू आहे, वर आणि खाली तो झपाट्याने विरळ होतो. त्यामुळे बुडबुडा वर-खाली ताणला जातो. त्याचे टोक विरळ भागात पोहोचले की ते वेग घेते, त्यावरच्या थंड वायूचे कवच ठिकठिकाणी फाटते आणि आतला तप्त वायू भेगांमधून बाहेर झेपावतो. म्हणूनच असे वारे दोन विरुद्ध दिशांना उघडणाऱ्या शंकूंसारखे दिसतात. एम-८२ मध्ये हेच दोन शंकू दिसतात.

या एका वाऱ्यात किमान तीन वेगवेगळे वायू बरोबर प्रवास करत असतात. सर्वांत आत कोट्यवधी केल्विन तापमानाचा वायू असतो. तो क्ष-किरण सोडतो, पण अगदी क्षीणपणे. एम-८२ मध्ये त्याचे तापमान ३ ते ८ कोटी केल्विनच्या घरात काढले गेले आहे आणि त्यावरून त्याचा अंतिम वेग सेकंदाला १,४०० ते २,२०० किलोमीटर असावा असा अंदाज येतो. त्याभोवती आणि त्यात मिसळलेले, सुमारे १० हजार केल्विनचे तंतू आहेत. लाल छायाचित्रात दिसतात ते हेच. त्यांचा वेग सेकंदाला ६०० किलोमीटरच्या आसपास आहे. आणि त्यांच्याही सोबत थंड, रेणूरूप वायू आणि धूळ आहे, सेकंदाला शंभरेक किलोमीटरने सरकणारी. २०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने अवरक्त प्रकाशात या दीर्घिकेच्या गाभ्याजवळची जी चित्रे दिली, त्यांत कार्बनच्या कड्यांनी बनलेले, काजळीच्या जातीचे रेणू बारीक तंतूंच्या रूपात बाहेर जाताना स्पष्ट दिसतात.

इथे नीट लक्ष द्यायला हवे. चमकतो तो वायू आणि ढकलतो तो वायू वेगळे आहेत. ऊर्जा बहुतांशी तप्त वायूकडे असते आणि तो जवळपास अदृश्य असतो. वस्तुमान बहुतांशी थंड वायूकडे असते. मधले सुंदर लाल तंतू दोघांच्या सीमेवर असतात, आणि प्रकाश घनतेच्या वर्गाने वाढत असल्यामुळे तेच डोळ्यांत भरतात. एका छायाचित्रावरून वाऱ्याचा जोर ठरवायला गेले की फसगत होते ती यामुळेच.

एक सोपे गणित

वाऱ्याचा वेग किती असू शकतो हे कागदावर काढता येते. १०० सूर्यांइतके तारे बनले, एक स्फोट झाला, १ वर ४४ शून्ये इतके ज्यूल मिळाले. समजा ही सगळी ऊर्जा, काहीही वाया न जाता, १०० सूर्यांइतक्या वायूला मिळाली. त्या वायूचे वस्तुमान २ वर ३२ शून्ये किलोग्रॅम. गतिज ऊर्जा म्हणजे अर्धे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर येते सेकंदाला १,००० किलोमीटर.

तीच ऊर्जा दहापट वायूत वाटली तर वेग दहाच्या वर्गमुळाने घटतो, म्हणजे सेकंदाला ३१६ किलोमीटर. शंभरपट वायूत वाटली तर १०० किलोमीटर. बाहेर जाणारा वायू आणि नवे तारे यांच्या वस्तुमानांच्या या गुणोत्तराला मास लोडिंग म्हणतात. एम-८२ च्या तप्त वायूचा वेग हजारावर आहे याचा अर्थ त्या तप्त भागात ताऱ्यांच्या मानाने वायू थोडाच आहे. आणि ऊर्जेतला मोठा वाटा निवण्यात गेला, समजा दहावा हिस्साच उरला, तर हे सगळे वेग आणखी तीनपटींनी खाली येतात.

आता याला मुक्तिवेगाशेजारी ठेवा. आकाशगंगेत, सूर्याच्या जागेवरून दीर्घिकेबाहेर पडायला सेकंदाला ५५० किलोमीटरच्या आसपास वेग लागतो. बटू दीर्घिकांत १०० किलोमीटरहून कमी वेगातही भागते. म्हणून लहान दीर्घिका आपला बहुतेक वायू गमावून बसतात आणि तिथे बनलेल्या प्रत्येक सूर्यामागे दहा-दहा सूर्यांचा वायू बाहेर जाऊ शकतो. मोठ्या दीर्घिकेतून थोडाच, पण वेगवान वायू निसटतो. बाकीचा परततो.

थंड ढग वाचतातच कसे

या क्षेत्रातले सगळ्यात अवघड कोडे आता येते, आणि त्यावर थोडा वेळ काढायलाच हवा. सेकंदाला १,००० किलोमीटर वेगाचा, कोटभर केल्विनचा वारा १० हजार केल्विनच्या ढगावर आदळतो. दाब सारखा असेल तर ढग वाऱ्यापेक्षा हजारपट दाट असतो. ढगाला चिरडून टाकायला लागणारा वेळ असा काढतात: ढगाची त्रिज्या भागिले वाऱ्याचा वेग, गुणिले घनतेच्या गुणोत्तराचे वर्गमूळ. ढगाची त्रिज्या ३० प्रकाशवर्षे घ्या. हजार किलोमीटर म्हणजे प्रकाशाच्या वेगाचा तीनशेवा भाग, तेव्हा पहिला भागाकार ९,००० वर्षे. हजाराचे वर्गमूळ साधारण ३१.६. गुणाकार केला की सुमारे २.८ लाख वर्षे.

एवढ्या वेळात ढग सेकंदाला ३०० किलोमीटर वेगाने जरी गेला, तरी जेमतेम २८० प्रकाशवर्षे पुढे सरकेल. आणि तो वेगही त्याला एकदम मिळत नाही. प्रत्यक्षात थंड वायू हजारो प्रकाशवर्षे दूर दिसतो. म्हणजे हिशेबाप्रमाणे त्या ढगांच्या केव्हाच चिंधड्या होऊन ते तप्त वाऱ्यात विरून जायला हवे होते.

उत्तराचा मोठा भाग पुन्हा निवण्यातच सापडला. ढगाच्या कडेला थंड आणि तप्त वायू घुसळून मिसळतात. १० हजार आणि १ कोटी केल्विन यांच्या मिश्रणाचे तापमान दोघांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाजवळ बसते, म्हणजे तीन लाख केल्विनच्या आसपास. आणि नेमका याच टापूत, एक लाख ते काही लाख केल्विनमध्ये, वायू सर्वांत झपाट्याने निवतो. कारण तिथे ऑक्सिजन आणि कार्बनचे अर्धवट सोललेले आयन, म्हणजे काही इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, भरभरून प्रकाश सोडतात. २०१८ मध्ये मॅक्स ग्रोंके आणि एस. पेंग ओह यांनी संगणकावर दाखवले की मिश्रण निवायला लागणारा वेळ ढग चिरडायच्या वेळेपेक्षा कमी असेल, तर ढग नष्ट व्हायच्या ऐवजी वाढतो. तो तप्त वाऱ्यातलाच वायू निववून स्वतःला जोडत जातो, आणि त्या वायूबरोबर त्याचा संवेगही ढगाला मिळतो. म्हणून ढगाचा वेगही वाढतो. अट एकच: ढग पुरेसा मोठा हवा. लहान ढगांना ही सवलत नाही, ते विरघळतात. ढगाभोवती गुंडाळलेले चुंबकीय क्षेत्र काही वेळा थोडा आधार देते. शिवाय वायूने खूप भारलेला तप्त वारा पसरत पसरत स्वतःच निवून त्यातून नवे थंड ढग गोठू शकतात.

सुरुवातीला जे निवणे वाऱ्याचा गळा घोटते, तेच पुढे वाऱ्यातल्या थंड वायूला जिवंत ठेवते. मला या विषयातली सगळ्यात मोहवणारी गोष्ट हीच वाटते.

संगणकात वारा का सुटत नव्हता

दीर्घिकांची निर्मिती संगणकावर घडवून पाहणाऱ्यांना सुरुवातीची अनेक वर्षे एकच दुखणे होते. त्यांच्या दीर्घिकांत तारे फार बनत आणि वारे सुटतच नसत. कारण समजून घेण्यासारखे आहे. गणनेत वायूचे मोठाले तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याला कण म्हणतात. समजा असा एक कण दहा लाख सूर्यांच्या वस्तुमानाचा आहे. असा एक कण तारे बनला की दहा हजार स्फोटांची ऊर्जा मिळाली. ती शेजारच्या ५० कणांत वाटली, तर प्रत्येकाचे तापमान साधारण पाच लाख केल्विनने वाढते. म्हणजे वायू नेमका सर्वांत वेगाने निवणाऱ्या टापूच्या तोंडाशी जाऊन बसतो. पुढच्याच काही पावलांत सगळी ऊर्जा प्रकाश होऊन नाहीशी. निसर्गात थोडा वायू खूप तापतो. गणनेत खूप वायू थोडा तापत होता.

ईगल या प्रकल्पाने यावर काढलेला उपाय साधा आहे. ऊर्जा सगळ्या शेजाऱ्यांत वाटायची नाही. सोडत काढल्यासारखे एक-दोन कण निवडायचे आणि त्यांना एकदम सुमारे ३ कोटी केल्विनवर न्यायचे. एकूण ऊर्जा तेवढीच राहते. इतका तप्त वायू सावकाश निवतो, म्हणून तो आधी फुगतो आणि वारा बनतो. दुसऱ्या काही गणनांत निवडलेल्या कणांना थेट वेग देऊन तबकडीबाहेर सोडतात. फायर या प्रकल्पात कण इतके लहान घेतले की स्फोटांचा परिणाम एकेक करून हाताळता येतो. पद्धत कोणतीही घ्या, अशा गणनेतून मिळालेल्या वाऱ्याचा वेग वाचताना तो भौतिकीतून उमटला आहे की आधीच हाताने घातला आहे हे पाहावे लागते.

कृष्णविवरांचे वारे

मोठ्या दीर्घिकांत ताऱ्यांचे स्फोट पुरत नाहीत. तिथे केंद्रातले कृष्णविवर कामाला येते. त्यात पडणारा वायू पडता पडता आपल्या वस्तुमानाच्या साधारण दहा टक्क्यांइतकी ऊर्जा सोडतो. दहा कोटी सूर्यांचे कृष्णविवर वाढेपर्यंत सुटलेली एकूण ऊर्जा, त्याच्या भोवतालच्या, शंभर अब्ज सूर्यांच्या वस्तुमानाच्या, दीर्घिकेच्या मधल्या फुगवट्याला बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे दोनशेपट भरते. त्यातला एखादा टक्का जरी वायूला नीट लागू पडला तरी पुरे.

असे वारे केंद्राजवळ भन्नाट वेगाचे असतात. पीडीएस-४५६ या क्वासारमध्ये, म्हणजे कृष्णविवरात पडणाऱ्या वायूमुळे झळाळणाऱ्या दीर्घिकेच्या गाभ्यात, एक्सएमएम-न्यूटन आणि न्यूस्टार या क्ष-किरण दुर्बिणींनी प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास चतुर्थांश वेगाचा वारा मोजला. तो चिंचोळा झोत नसून सर्व बाजूंना पसरलेला आहे हे २०१५ मध्ये दाखवले गेले. दूरवर पोहोचेपर्यंत हा वारा मार्गातला वायू गोळा करत जड आणि संथ होतो. मार्केरियन-२३१ या दीर्घिकेत रेणूरूप वायू वर्षाला सुमारे ७०० सूर्यांच्या हिशेबाने बाहेर पडताना २०१० मध्ये मोजला गेला. तिथे तारे बनण्याचा दर साधारण २०० आहे. बाहेर जाण्याचा हा दर टिकला तर केंद्रातला वायू कोटभर वर्षांतच संपेल, आणि दीर्घिकेच्या वयापुढे कोटभर वर्षे म्हणजे क्षणभरच.

आपल्या आकाशगंगेतही खुणा आहेत. २०१० मध्ये फर्मी दुर्बिणीच्या माहितीत केंद्राच्या वर आणि खाली प्रत्येकी सुमारे २५ हजार प्रकाशवर्षे उंचीचे गॅमा किरणांचे दोन फुगे सापडले. २०२० मध्ये ईरोसिटा दुर्बिणीने त्यांना वेढणारे, सुमारे ४५ हजार प्रकाशवर्षे उंचीचे क्ष-किरणांचे फुगे दाखवले. ते कृष्णविवराच्या एखाद्या जुन्या उद्रेकाचे की केंद्राजवळच्या ताऱ्यांच्या स्फोटांचे, यावर वाद सुरू आहे.

गेलेला वायू कुठे सापडतो

महास्फोटातून हायड्रोजन, हेलियम आणि नावापुरते लिथियम निघाले. कार्बन, ऑक्सिजन, लोह ताऱ्यांनी बनवले. तेव्हा दीर्घिकेबाहेर ऑक्सिजन दिसला, तर तो कुणीतरी आतून बाहेर नेलेला असणार. हबल दुर्बिणीवरच्या अतिनील वर्णपटमापकाने दूरच्या क्वासारांचा प्रकाश मधल्या दीर्घिकांच्या परिसरातून आरपार जाताना तपासला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तारे बनवणाऱ्या जवळपास सर्व दीर्घिकांभोवती, सुमारे पाच लाख प्रकाशवर्षांपर्यंत, पाच इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन पसरलेला आहे. १०३.२ आणि १०३.८ नॅनोमीटरच्या दोन शोषणरेषांवरून, म्हणजे वायूने प्रकाश गिळल्यामुळे वर्णपटात पडणाऱ्या काळ्या रेषांवरून, तो ओळखतात. तारे बनणे थांबलेल्या दीर्घिकांभोवती मात्र तो क्वचितच दिसला.

दुसरा पुरावा दीर्घिकांच्या आत आहे. २००४ मध्ये सुमारे ५३ हजार दीर्घिकांच्या तपासणीतून स्पष्ट झाले की दीर्घिका जितकी लहान तितका तिच्या वायूत ऑक्सिजन कमी. लहान दीर्घिकांना तो धरून ठेवता आला नाही, हे त्याचे एक मोठे कारण.

आणि सगळ्यात ढोबळ पुरावा जमाखर्चाचा. विश्वातल्या एकूण द्रव्यात साधा पदार्थ साधारण एक षष्ठांश आहे, बाकी कृष्णद्रव्य, म्हणजे फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारे न दिसणारे द्रव्य. आपल्या आकाशगंगेएवढ्या दीर्घिकेच्या वाट्याला जेवढा साधा पदार्थ यायला हवा, त्याचा फार तर पाचवा भाग ताऱ्यांत दिसतो. लहान आणि खूप मोठ्या, दोन्ही टोकांना हा वाटा आणखी घटतो. लहानांत ताऱ्यांचे वारे प्रभावी, मोठ्यांत कृष्णविवरांचे, ही मांडणी त्या घटीशी छान जुळते.

मोजायचे कसे, आणि चूक कुठे होते

जवळच्या दीर्घिकांसाठी सोडियमच्या दोन शोषणरेषा फार उपयोगी पडतात: ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. आधी ताऱ्यांच्या रेषांवरून दीर्घिकेचा स्वतःचा वेग काढतात आणि तो वजा करतात. मग सोडियमची रेषा निळ्या बाजूला किती सरकली ते पाहतात. वारा आपल्या दिशेने सेकंदाला ३०० किलोमीटर येत असेल, तर ५८९.० ची रेषा ५८८.४ वर जाते. फरक फक्त ०.६ नॅनोमीटर, म्हणजे या जोडीतल्या अंतराएवढाच! त्यामुळे एका रेषेची सरकलेली छटा दुसरीच्या जागेवर चढते. ती सोडवायला चांगला वर्णपट लागतो. शिवाय ताऱ्यांच्या स्वतःच्या वातावरणातही सोडियम असतो, त्याचा वाटा आधी काढून टाकावा लागतो. तो नीट काढला नाही तर नसलेला वारा दिसतो किंवा असलेला हरवतो.

शोषणरेषेचा एक मोठा फायदा आहे. प्रकाश अडवणारा वायू दीर्घिकेच्या अलीकडेच असणार, म्हणून निळ्याकडे सरकलेली रेषा म्हणजे आपल्याकडे येणारा, पर्यायाने बाहेर जाणारा वायू. उत्सर्जनरेषेत, म्हणजे वायूने स्वतः सोडलेल्या प्रकाशाच्या रेषेत, ही खात्री नसते, कारण तो वायू पलीकडचाही असू शकतो.

यानंतर वस्तुमान काढायचे तर खरी पंचाईत सुरू होते. वर्षाला बाहेर जाणारा वायू म्हणजे वाऱ्यातले वस्तुमान गुणिले वेग, भागिले वाऱ्याची लांबी. वेग ठीक मोजला जातो. वस्तुमानासाठी सोडियमवरून हायड्रोजनचा अंदाज करावा लागतो. सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला ५.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात, म्हणून बहुतेक सोडियम आधीच आयनरूप झालेला आणि या रेषेतून गायब असतो. काही धुळीत अडकलेला असतो. लांबीचीही अडचण आहे: दीर्घिका कडेवरून दिसत असेल तर वाऱ्याचा आकार दिसतो पण वेग बहुतांशी आडवा जातो. समोरून दिसत असेल तर वेग मिळतो पण तो वायू गाभ्यापासून किती दूर आहे ते कळत नाही. त्यामुळे एकाच वाऱ्याच्या दोन अंदाजांत दहापट तफावत असली तरी आश्चर्य मानू नये. आकडा कोणत्या वायूचा आहे, थंड, मध्यम की तप्त, आणि कोणत्या अंतरापर्यंतचा, हे सांगितले नसेल तर त्याची तुलना कशाशीच करता येत नाही.

तप्त वायूचा वेग तर अनेक दशके थेट मोजताच येत नव्हता. लोहाची क्ष-किरण रेषा ६,७०० इलेक्ट्रॉनव्होल्टला असते आणि नेहमीच्या क्ष-किरण कॅमेऱ्याची बारकाई १३० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास. वेगाच्या भाषेत हे सेकंदाला सुमारे ५,८०० किलोमीटर झाले, म्हणजे वाऱ्याच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त. सप्टेंबर २०२३ मध्ये अवकाशात गेलेल्या एक्सरिझम दुर्बिणीतला शोधक ५ इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचा फरक ओळखतो, म्हणजे सेकंदाला सव्वादोनशे किलोमीटर. रेषेचा मध्यबिंदू त्याहूनही बारीक पकडता येतो. या शोधकासमोरचे संरक्षक झाकण अवकाशात उघडले नाही, त्यामुळे कमी ऊर्जेचे क्ष-किरण त्यातच अडतात, पण लोहाची ही रेषा आरपार येते. पीडीएस-४५६ चा वारा एकसंध नसून त्यात वेगवेगळ्या वेगांचे किमान पाच पुंजके आहेत, हे याच दुर्बिणीने २०२५ मध्ये दाखवले. शोधकात अवघे ३६ चौकोनी ठिपके आहेत आणि ते ०.०५ केल्विनपर्यंत थंड ठेवावे लागतात. क्ष-किरणाचा एकेक कण त्यांच्यावर पडला की तापमानात किंचित वाढ होते. कोट्यवधी केल्विनच्या वाऱ्याचा वेग कळतो तो या किंचित वाढीवरून.